मागं बघणारा बगळा

कादुना राज्यात कुठल्या धंद्यात किती नोकऱ्या वाढल्या याची पाहणी सुरू झाली आणि काकुरी भागाचं काम केझियाच्या वाट्याला आलं. सरकारी टॅब हातात घेऊन तिने सुरुवात केली ती स्वतःच्या आईपासून. आई म्हणजे रिफ्कातू. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या दाराशी ती रोज सकाळी कढई मांडायची आणि कोसाई, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकायची.

"व्यवसाय?" केझियाने सरकारी आवाजात विचारलं.

"कापडगिरणी. तपासणी खातं."

"आई, गिरणीला कुलूप लागलं तेव्हा मी शाळेत होते. आता मला तिशी आली."

"मग लिही, रजेवर आहे."

"रजेवर असा रकानाच नाही."

"तुमच्या सरकारनं रकाना ठेवला नाही यात माझा काय दोष? आणि कढईपासून लांब उभी राहा, तेल उडेल."

केझियाने कपाळाला हात लावला आणि 'खाद्यपदार्थ विक्री, स्वतःचा व्यवसाय' असं टिपून मोकळी झाली. झालं, राज्यात एक रोजगार वाढला. रेडिओवर हल्ली रोज सांगत की कादुना राज्य पुढं चाललंय. चाललंच होतं. तीनचाकी चालवणारे वाढले होते, टपरीत बसून फोनवरून लोकांचे पैसे पाठवून देणारे वाढले होते, कोंबड्यांचं खाद्य विकणारे, शिंपी, खासगी शाळांतले मास्तर, सगळे वाढले होते. कापडाच्या रकान्यात मात्र बोट लावायची वेळ केझियावर एकदाही आली नाही. गिरणीतले जुने रंगवाले आणि मागवाले आता याच तीनचाक्यांवर आणि टपऱ्यांत बसलेले होते. व्यवसाय विचारला की तेही आधी क्षणभर गिरणीच्या दाराकडे बघत आणि मग हसून "लिही बाई काहीही" म्हणत. हसत नव्हती ती एकटी रिफ्कातू. तिचा अजून खरोखर विश्वास होता की ती रजेवर आहे.

या विश्वासाला गिरणीपेक्षा मोठं एक कारण होतं. त्याचं नाव कुयेत, केझियाचा बाप.

गिरणी चालू होती तेव्हा रिफ्कातू तपासणीच्या टेबलावर असायची. छापून आलेलं कापड दिव्यावरून सरकवत न्यायचं आणि चूक दिसली की खडूने फुली मारायची, हे तिचं काम. कुयेत छपाईच्या यंत्रावर, पिवळ्या रंगाचा रूळ त्याच्या ताब्यात. तेव्हा निळ्या जमिनीवर पांढऱ्या बगळ्यांची एक नक्षी निघत असे, चोच आणि डोळा पिवळा. कुयेतच्या पाळीत हा पिवळा नेहमी केसभर डावीकडे सरकलेला. फुल्या मारून मारून रिफ्कातूचा हात दुखायला लागला. शेवटी एक दिवस थान काखोटीला मारून ती तरातरा यंत्रापाशी गेली.

"डोळे फुटलेत का तुमचे? पिवळा सरकलाय."

"सरकला नाही, सरकवलाय," तो शांतपणे म्हणाला. "नीट बसवला की बगळा ठोंब्यासारखा समोर बघतो. जरासा सरकवला की मागं वळून बघतो. तूच बघ की."

"मला बगळे बघायचा पगार नाही. फुल्या मारायचा आहे."

"मग मार फुल्या. तेवढीच रोज भेट होईल."

साहेबांनी ती फुल्यांची थानं स्वस्तात बाजारात काढली आणि बायकांच्या त्यांच्यावर उड्या पडल्या. कापडाला नाव गिरणी देत नाही, बाजारातल्या बायका देतात. त्यांनी नाव ठेवलं 'मागं बघणारा बगळा'. लांब गावी निघालेल्याला, सासरी चाललेल्या मुलीला, हेच कापड द्यायची रीत पडली. मग साहेबांनी मूग गिळून सगळ्याच पाळ्यांना पिवळा सरकवायला सांगितला. पण केसभर म्हणजे किती, ते कुयेतच्याच हाताला ठाऊक होतं. बाकीच्यांचा बगळा नुसता तिरळा दिसायचा.

रिफ्कातूचं लग्न त्याच कापडात झालं. दोन नेसूंची जोडी होती, एक कमरेला आणि एक खांद्यावरून. बाहेरचं स्वस्त कापड यायला लागलं, विजेचा खेळखंडोबा झाला, आणि ज्या सकाळी गिरणीला कुलूप लागलं त्या सकाळी ती अंगणात त्यातल्याच एका नेसूवर कोळशाची इस्त्री फिरवत होती. शेजारीण ओरडत आली, रिफ्कातूचा हात जागीच थांबला आणि इस्त्रीतली ठिणगी कापडावर पडली. एका बगळ्याच्या पायाशी तपकिरी डाग उमटला, चवळीच्या दाण्याएवढा, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा. ती रडायला लागली, गिरणीसाठी की नेसूसाठी हे तिलाही कळेना. कुयेत म्हणाला, "रडतेस काय? इतकी वर्षं बिचारा बगळा उपाशी उभा होता. आता त्याला एक अळी मिळाली."

वर्षभराने तो कामाच्या शोधात निघाला. परदेशात, लोमेला, समुद्राकाठी, अजून एक छापखाना चालू आहे असं त्याने ऐकलं होतं. "चांगलं नेसू तू ठेव," तो म्हणाला. "डागाचं मला दे. पांघरायला होईल."

पुढे कितीतरी वर्षं त्याचे फोन येत राहिले. काम मिळालंय, पिवळाच रूळ दिलाय, इथले साहेब बरे आहेत. रिफ्कातू विचारायची, समुद्र कसा आहे? तो म्हणायचा, "थांब, ऐकवतो," आणि फोन लांब धरायचा. मोठा, न थांबणारा घरघराट यायचा. ती डोळे मिटून ऐकत बसायची. फोन हळूहळू विरळ झाले आणि करोनाच्या आधीच्या पावसाळ्यात थांबले ते थांबलेच.

आणि आता, पाहणीच्याच त्या दिवसांत, धाकटा दीर शेकारी गावाहून आला. बरोबर वाळवलेल्या आल्याचं पोतं होतं आणि चेहऱ्यावर असं काही होतं की रिफ्कातूने आधी त्याला पोटभर खाऊ घातलं आणि मगच विचारलं, "बोला भाऊजी. कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, वहिनी. म्हणजे, तेच बोलायला आलोय." शेकारी हातातला कुनूचा, म्हणजे बाजरीच्या गोड पेयाचा, पेला नुसता फिरवत राहिला. "थोरली माणसं बसली होती. दादाचा दुखवटा करून टाकावा म्हणतात. घरात शुभकार्यं अडलीत. नाताळला सगळी पोरं गावी येतील, तेव्हाच उरकू."

"देह नाही, कबर नाही, आणि दुखवटा?"

"फोनही नाही, वहिनी. इतकी वर्षं झाली."

शेकारी वाईट माणूस नव्हता. दर हंगामाला ज्वारी आणि आलं पोचवणारा, भावाच्या नावाने अजून डोळ्यांत पाणी आणणारा होता. तोच पुढे चाचरत म्हणाला, "सगळ्यांना एकसारखं कापड लागेल. ते तुम्हीच निवडावं असं ठरलंय. कापडातलं तुमच्याइतकं घरात कोणाला कळतं?"

दुखवट्याला अख्ख्या भावकीने एकाच कापडात उभं राहायचं, ही रीत. तेव्हा नवरा मेला की नाही हे ठाऊक नसलेली रिफ्कातू दुसऱ्या दिवशी त्याच्या दुखवट्याचं कापड निवडायला जुम्माईच्या दुकानात गेली. केझिया बरोबर होती. जुम्माई जुनी ओळखीची. तिने काळी-पांढरी, जांभळी, तपकिरी अशी थानामागून थानं खाली ओढली. रिफ्कातू प्रत्येकाची घडी उलगडायची, उजेडाकडे धरायची आणि परत द्यायची. रंग पसरलाय. रेघ तुटलीय. हे तर धुतल्यावर ओळखूच येणार नाही.

"अगं, दुखवट्याला नेसायचंय की परीक्षेला बसवायचंय?" जुम्माई वैतागली. "हे घे, नमुन्यांची माळ. यातलं सांग, मागवून देते."

दोऱ्यात ओवलेले तळहाताएवढे तुकडे रिफ्कातू एकेक उलटत गेली. आणि एका तुकड्यावर तिचा हात थांबला.

निळ्या जमिनीवर पांढरा बगळा. पिवळा केसभर डावीकडे. बगळा मागं वळून बघत होता, आणि तिरळा नव्हता.

"हे कधीचं?"

"नवीन आहे. दोन महिन्यांपूर्वी थानं आली, लगेच संपली. जुन्या बायका बघून रडल्या नि घेऊन गेल्या."

"कोण छापतं?"

"मला काय ठाऊक? कानो शहरातल्या अल्हाजी मुन्तारींकडून येतं."

घरी येऊन रिफ्कातूने पेटीतलं लग्नाचं नेसू काढलं आणि तुकडा त्याच्यावर ठेवला. डोळ्यावर डोळा बसला. तपासणीच्या टेबलावर जन्म काढलेल्या बाईला दुसरा पुरावा लागत नाही. हा हात दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. म्हणजे कुयेत कुठेतरी यंत्रापुढे उभा होता आणि दोन महिन्यांपूर्वी त्याने पिवळा रूळ सरकवला होता. ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली, आणि केझियाने खांदे धरेपर्यंत हसत राहिली.

"भाऊजी, कापड सापडलंय," ती शेकारीला फोनवर म्हणाली. "कानोला जाऊन मी स्वतः आणते. तोवर कुणाला निरोप धाडू नका."

"वहिनी, निरोप तर गेले—"

"मग पुढचे धाडू नका."

बस सकाळी निघाली. हिवाळ्याची कोरडी धूळ इतकी होती की सूर्य ताटलीसारखा बघता यायचा. रिफ्कातूने चांगलं नेसू पिशवीत घेतलं होतं आणि पिशवी पोटाशी धरली होती. झारिया मागं पडल्यावर केझियाने घसा साफ केला.

"आई, एक सांगू? रागावशील."

"मग सांगू नकोस."

"बाबांचा नंबर लोमेचा नव्हता. इथलाच होता, आपल्या देशातला. मला तेव्हाच कळलं होतं."

रिफ्कातू खिडकीबाहेर बघत राहिली. "मला काय आकडे वाचता येत नाहीत?"

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या फोनपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? समुद्र नाही, तर कुठं आहात, आणि कोण आहे बरोबर, असं? विचारलं असतं तर फोन बंद झाला असता." तिने पिशवी आणखी घट्ट धरली. "माझ्या मनात एक बाई होती, केझिया. तरुण, लठ्ठ, हातात बांगड्या. कोसाई तळताना मी रोज तिच्याशी भांडायचे. तेल तापलं की तिला सांगायचे, ये इकडं, दाखवते. आज ती दारात उभी दिसली तरी चालेल मला. आत यंत्राचा आवाज आला म्हणजे झालं."

केझियाने आईचा हात हातात घेतला. सरकारी टॅब तिच्या मांडीवर बंद पडून होता.

जेवणाच्या वेळेआधीच बस कानोला पोचली. बरोबर घेतलेली पाण्याची बाटली अर्धीसुद्धा संपली नव्हती. कापडबाजाराच्या गल्ल्यांत मात्र पाऊल ठेवायला जागा नव्हती. छातीएवढ्या उंच रचलेल्या ढकलगाड्या "बाजू, बाजू" ओरडत अंगावर यायच्या आणि दुकानामागून दुकान नुसतं कापडाने कोंदलेलं. एवढं कापड रिफ्कातूने गिरणीतही एका जागी पाहिलं नव्हतं. एकेका थानाच्या काठावर तिच्याच गिरणीचं नाव छापलेलं होतं, जिच्या दाराशी आज पहाटे तिने कढई उपडी घालून ठेवली होती. तिने केझियाला कोपराने ढोसून ते दाखवलं. तिला वाटलं, बघ, गिरणी कुठंतरी चालूच आहे, मी म्हणत नव्हते?

अल्हाजी मुन्तारी पांढऱ्या दाढीचे, पांढऱ्या टोपीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोघींना बसायला लावलं, चहा मागवला.

"बगळा हवाय ना, मावशी? किती थानं देऊ?"

"थान नको. छापणारा हवाय."

अल्हाजी हसले. "छापणारा? तो चीनमध्ये. तिथवर मीही गेलेलो नाही."

"हा हात चीनचा नाही." रिफ्कातूने नमुन्याचा तुकडा पुढे केला. "हा पिवळा बघा. असा सरकवणारा एकच माणूस आहे. तुम्ही त्याला कुठं ठेवलंय तेवढं सांगा. बाकी मी काही विचारणार नाही."

"सरकलाय खरा," अल्हाजींनी चष्मा लावून पाहिलं. "पण मावशी, तिकडची माणसं काही सरकवत नाहीत नि काही बसवत नाहीत. जुनं कापड धाडलं, त्यांनी त्याचा फोटो घेतला, यंत्रात घातला. डोळा वाकडा तर वाकडा. काठावरचं गिरणीचं नावसुद्धा जसंच्या तसं. पोरा, बगळ्याचं एक थान आण रे, मावशींना दाखव."

कामगाराने थान आणून गालिच्यावर सोडलं. निळं कापड उलगडत रिफ्कातूच्या पायांपर्यंत आलं. बगळ्यांची एक रांग, दुसरी रांग. तिसऱ्या रांगेत एका बगळ्याच्या पायाशी तपकिरी ठिपका होता. चवळीच्या दाण्याएवढा, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा. पुढे हातभर अंतरावर पुन्हा तोच. मग पुन्हा.

रिफ्कातूने वाकून त्यावर बोट ठेवलं.

"तो डाग होय?" अल्हाजी ओशाळले. "मूळ कापडावर होता. तिकडच्या पोराला वाटलं, नक्षीच आहे. चार गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. पुढच्या खेपेला काढून टाकायला सांगितलंय मी."

रिफ्कातूने पिशवीतून आपलं नेसू काढलं आणि त्या थानाशेजारी पसरलं. तेच बगळे, तोच डोळा, फक्त डाग नाही. "ही जोडी होती," ती म्हणाली. "डागाचं नेसू तुमच्याकडे कुणी विकलं?"

अल्हाजींनी दोन्ही कापडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांच्या हातातला चहाचा पेला हळूच खाली आला.

"विकलं नाही, मावशी," ते म्हणाले. "मागं राहिलं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गोदामात एक माणूस ढकलगाडी ओढायचा. काकुरीचा आहे एवढंच सांगायचा. थंडीत हेच नेसू खांद्यावर, म्हणून पोरं त्याला बाबा बगळा म्हणायची. खरं नाव कुणी विचारलं नाही. गाडीत माल भरताना तो प्रत्येक थानाची घडी उघडून रंग बघायचा. पोरं चिडवायची, बाबा, गाडी ओढतोस की कापड तपासतोस? तो म्हणायचा, पिवळा सरळ बसलाय, यात जीव नाही.

"मी त्याला कितीदा म्हटलं, घरी जा बाबा. दोन-तीन तासांची वाट. तर म्हणायचा, 'मी रजेवर आहे, अल्हाजी. गिरणी उघडली की कामावरच जाईन. बायकोला वाटतंय मी लोमेला पिवळ्या रुळावर उभा आहे. ज्या कापडानं आमची गिरणी बुडवली ते कापड ओढतोय, हे कुठल्या तोंडानं सांगू?'"

"रजेवर, म्हणाले?" केझियाने विचारलं.

"रोज तेच म्हणायचा. करोनाच्या आधीच्या पावसाळ्यात तापानं गेला. तीन दिवसांत सगळं संपलं. तुमच्या धर्माचा होता, म्हणून मी साबोन गारी वस्तीतल्या चर्चच्या माणसांना बोलावलं. त्यांनी प्रार्थना करून पुरलं. जागा मला ठाऊक आहे, मी स्वतः घेऊन जाईन तुम्हाला. काकुरीला लॉरीवाल्याकडून निरोपही धाडला होता, मावशी. तो बाबा बगळ्याचं घर विचारत दिवसभर फिरला. कुणालाच ठाऊक नव्हतं."

रिफ्कातूने एकच प्रश्न विचारला. तो तिने अगदी हळू विचारला, कारण इतकी वर्षं पोसलेली भीती तोंडातून काढायची लाज वाटत होती. "बरोबर कुणी बाई होती का?"

"बाई?" अल्हाजींना आधी कळेचना. "अहो, त्याच्याजवळ एक चटई होती नि हे नेसू. दुसरं काही नव्हतं."

आता मात्र रिफ्कातूला रडू फुटलं. त्या बांगड्या घातलेल्या लठ्ठ बाईशी ती वर्षानुवर्षं भांडली होती, आणि ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. त्याऐवजी एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, चटईवर तिचं जळकं नेसू पांघरून झोपणारा, बाटलीभर पाणीही संपणार नाही एवढ्या अंतरावर. ती सकाळच्या बसने येऊन संध्याकाळी त्याला कानाला धरून घरी नेऊ शकली असती. ढकलगाडी ओढत होता तर काय झालं? ती वडे तळत नव्हती का? दोघांनी एकमेकांसाठी गिरणी चालू ठेवली होती, आणि त्यापायी दोघंही एकटी राहिली. केझिया बापाच्या कापडावर गुडघे टेकून बसली होती. घरोघर फिरून ती माणसांच्या नोकऱ्या मोजत होती, आणि स्वतःचा बाप ना या राज्याच्या मोजणीत सापडला ना त्या राज्याच्या.

"ते नेसू मला द्या," रिफ्कातू डोळे पुसून म्हणाली.

अल्हाजींनी मान खाली घातली. "चीनला गेलं ते परत आलं नाही, मावशी. कुणी मागायला येईल म्हणून इतकी वर्षं जपलं होतं. मग वाटलं, नक्षी सुंदर आहे, मरायला नको. माझं चुकलं."

"तुमचं नाही चुकलं," रिफ्कातू म्हणाली. तिने उलगडलेल्या थानावरून हात फिरवला. डाग, मग पुन्हा डाग. इस्त्रीची ती ठिणगी आता जगात फक्त याच कापडावर उरली होती. "माझं एक ऐकाल? पुढच्या खेपेला तो डाग काढायला सांगू नका."

"गिऱ्हाईक बोलतं, मावशी."

"बोलू दे. त्यांना सांगा, ती बगळ्याची अळी आहे."

अल्हाजींनी तिच्याकडे पाहिलं, आणि काय उमजलं कोण जाणे, छातीवर हात ठेवून मान डोलावली. दुखवट्याला लागणारं सगळं कापड ते स्वतः गावी पोचवणार होते. पैशाचा विषय रिफ्कातूने काढला तेव्हा ते तेवढे एकदाच रागावून बोलले.

कबरीकडे जाण्याआधी तिने त्याची जागा पाहायला मागितली. गोदामाच्या मागे पत्र्याची शेड होती. आत आता रिकामी खोकी ठेवलेली होती. भिंतीशी, जमिनीवर एक माणूस आडवा होईल एवढी जागा होती आणि वर हातभर रुंद खिडकी. रिफ्कातू त्या जागेवर बसली. खिडकीतून मागची गल्ली ऐकू येत होती. रांगेने लावलेले जनरेटर, दगडांवरून जाणाऱ्या ढकलगाड्यांची चाकं, आणि त्यात मिसळलेला हजार माणसांचा गलका. मोठा, न थांबणारा घरघराट.

तिने डोळे मिटले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

फोन वाजला तेव्हा ती तशीच बसलेली होती. शेकारी होता. आधी दोनतीनदा "हॅलो" ओरडला, मग म्हणाला, "वहिनी, सुखरूप पोचलात ना? कापडाचं काय झालं?"

"मिळालं, भाऊजी. बगळ्याचंच आहे. आता खुशाल निरोप धाडा. सगळ्यांना बोलवा."

पलीकडून हळू आवाजात 'बरं' आलं. बहुधा समजला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "नीट ऐकू येत नाही वहिनी. मागं कसला आवाज आहे एवढा?"

रिफ्कातूने फोन कानापासून काढला, खिडकीकडे उंच धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"समुद्र आहे," ती म्हणाली.